तपासताच नाहीसा होणारा दोष

आम्ही दाब मोजणाऱ्या चादरी छापतो. पॉलिएस्टरच्या एका फिल्मवर चांदीच्या शाईने आडव्या रेघा, दुसरीवर उभ्या, आणि मधे कार्बनची शाई, जिचा रोध दाब पडला की उतरतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या गादीवर ही चादर घालतात. कुठल्या भागावर किती वेळ भार पडलाय ते पडद्यावर दिसतं, आणि जखम व्हायच्या आत रुग्णाची कूस बदलता येते.

काही चादरी परत यायला लागल्या. तक्रार एकच: पलंग रिकामा असला तरी भार दिसतो. आमच्या टेस्ट बेंचवर लावली की चादर ठणठणीत. मग 'दोष आढळला नाही' असा शेरा मारून ती परत पाठवायची.

त्या दिवशी आलेल्या चादरीला वॉर्डातल्या एका सिस्टरांची चिठ्ठी स्टेपल केलेली होती: 'नेहमी पायाकडची शेवटचीच ओळ. गादी पुसल्यानंतर जास्त.' कुठे आणि कधी, दोन्ही त्यात होतं. अशा चिठ्ठ्या आमच्याकडे कुणी वाचत नाही आणि मला याची खरोखर चीड आहे. अख्खी पाळी त्या पडद्यासमोर काढणाऱ्या माणसाचं निरीक्षण आमच्या तक्रार-फॉर्ममधल्या ठरावीक रकान्यांपेक्षा कितीतरी मोलाचं असतं.

मी म्हटलं, ही चादर बेंचला लावायची नाही, आधी मायक्रोस्कोपखाली घ्यायची. टेस्टिंगवाल्यांना ते पटलं नाही. त्यांच्या पद्धतीत आधी विजेची चाचणी, मग बाकीचं. थोडी वादावादी झाली, पण चादर माझ्याकडे राहिली.

कनेक्टरकडे जाणारी अरुंद पट्टी, म्हणजे टेल, मी आधी पाहिली. चादरीवर रेघा ऐसपैस असतात, पण टेलमध्ये सगळ्या जवळ येतात. इथे दोन रेघांमध्ये 0.3 मिलिमीटर जागा. वर इन्सुलेशनचा एकच हात दिलेला, त्यात पिनहोल, म्हणजे सुईच्या टोकाएवढी बारीक छिद्रं. आणि शेवटच्या दोन रेघांच्या मधे, नेच्याच्या पानासारखी, काळपट चांदीची फांदी वाढलेली. तिचं एक टोक पलीकडच्या रेघेला जेमतेम टेकलेलं.

फोटो काढून घेतले आणि मगच मीटर लावला. काहीशे ओहम दिसले, आणि बघता बघता आकडा गेला; दोन रेघा पुन्हा सुट्या. मायक्रोस्कोपमध्ये पाहिलं तर फांदीचं टोक जळून गेलेलं. मीटरच्या एवढ्याशा करंटने ही गत, तर बेंचचं काय सांगावं! तिथली चाचणी सुरूच होते शॉर्ट शोधण्यापासून, आणि तिथला करंट याहून जास्त. म्हणजे इतके दिवस आम्ही दोष शोधता शोधता तो जाळत होतो आणि चादर चांगली आहे म्हणून सही करत होतो.

आमच्या शाईचा स्वभाव इथे समजून घ्यायला हवा. पॉलिएस्टर फार उष्णता सोसत नाही, म्हणून 120-130 अंशांवर सुकवावं लागतं. तेवढ्यात चांदीचे चपटे कण एकमेकांत वितळून मिसळत नाहीत. कणांना धरून ठेवणारा चिकट घटक, म्हणजे बाइंडर, आक्रसतो आणि कण फक्त एकमेकांना टेकतात. त्यात ओल शिरली आणि वर व्होल्टेज असलं, की धन बाजूच्या रेघेतली चांदी आयन होऊन विरघळते, ऋण रेघेवर जाऊन पुन्हा धातू होते, आणि तिथून फांद्या धन रेघेच्या दिशेने वाढत येतात. फांदीचं मूळ शेवटून दुसऱ्या रेघेवर होतं. म्हणजे शेवटची रेघ धन, आणि तीही बराच वेळ. चादर चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, लिहिणाऱ्याला विचारलं. त्याने कोड उघडला आणि गप्प झाला. सगळ्या ओळी एकेक करून वाचण्याचा स्कॅन संपला की पुढच्या फेरीपर्यंत शेवटची ओळ 3.3 व्होल्टवरच राहायची, बाकीच्या शून्यावर.

हे चाचण्यांमध्ये का सापडलं नाही, ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही. चाचणीचा आराखडा ग्राहक कंपनीचा. 85 अंश आणि 85 टक्के आर्द्रतेच्या चेंबरमध्ये चादर ठेवली होती, पण वीज न देता. वीज देऊन चालवली, ती कोरड्या टेबलावर. आणि वाकवली मात्र मनसोक्त! लवचिक इलेक्ट्रॉनिक्स म्हटलं की सगळ्यांना वाकवण्याचीच काळजी. 125 मायक्रॉनची फिल्म 5 मिलिमीटर त्रिज्येवर वाकवली तर बाहेरचा पृष्ठभाग साधारण सव्वा टक्का ताणला जातो. चांगल्या चांदीच्या शाईला त्याचं काही वाटत नाही. ओल आणि वीज एकत्र कुणी दिलीच नाही. ग्लुकोजच्या पट्टीचे इलेक्ट्रोडही छापलेलेच असतात, पण ती काही सेकंद ओली होते आणि मग टाकून दिली जाते. आता हीच शाई घामेजल्या छातीवरच्या ईसीजी पॅचमध्ये, बुटाच्या सोलमध्ये, जखमेवरच्या पट्टीत जाते आहे, आणि तिथे ओल आणि वीज दोन्ही दिवसच्या दिवस सोबत असतात.

टेलवर आता चांदीच्या रेघांवरून कार्बन छापतो, इन्सुलेशनचे दोन हात देतो, आणि स्कॅन संपला की सगळ्या ओळी शून्यावर येतात. चेंबरमध्ये वीज चालू ठेवूनच चाचणी होते.

राहिल्या त्या 'दोष आढळला नाही' म्हणून परत गेलेल्या चादरी. शेवटच्या ओळी टाचांखाली येतात, आणि जखमा जिथे हमखास होतात त्यांपैकी टाच एक. तिथे उगाचच भार दिसत राहिला की वॉर्डातली माणसं ती ओळ बघायचं सोडून देतात. त्या चादरींचे क्रमांक मी मागितले. ग्राहकाच्या क्वालिटी विभागाचं उत्तर आलं, की ती प्रकरणं बंद झाली आहेत. फोटो जोडून मी पुन्हा लिहिलंय, आणि या वेळी त्या सिस्टरांची चिठ्ठीही स्कॅन करून पाठवली आहे.