हॅरीच्या खुर्चीवर डबी नव्हती

शनिवार, रात्र

‘स्टार ट्रेक: व्हॉयेजर’ या अंतराळमालिकेचा ‘टाइमलेस’ हा एपिसोड आज पुन्हा पाहिला आणि झोपच उडाली. पाचव्या सीझनमधला, १९९८ सालचा, मालिकेचा शंभरावा एपिसोड. बर्फाखाली गाडलं गेलेलं जहाज, आणि त्यात उतरणारी त्याच जहाजावरची दोन माणसं: चाकोटे आणि हॅरी किम. मधे पंधरा वर्षं गेली आहेत. हॅरीने पाठवलेलं गणित चुकलं, जहाज आदळलं, सगळे गेले. पुढे असलेल्या छोट्या यानातले हे दोघे तेवढे घरी पोचले.

हा हॅरी ओळखूच येत नाही. बोलतो तुटक, थांबतो कुठेच नाही. भूतकाळात निरोप पाठवून तो ती चूक दुरुस्त करायला निघाला आहे, आणि पहिला प्रयत्न फसतो. आकडे पुन्हा चुकलेत. त्या क्षणी तो असा कोसळतो की बघवत नाही. पंधरा वर्षं छातीशी धरलेली एकच आशा, आणि ती समोर विझलेली. जहाजाचा होलोग्राम डॉक्टर त्याला अक्षरशः खडसावून भानावर आणतो. हॅरी झालेले गॅरेट वाँग हे किती ताकदीचे नट आहेत, हे त्या दोन मिनिटांत कळतं. शेवटी निरोप पोचतो, जहाज वाचतं, आणि तरुण हॅरी आपल्याच थकलेल्या चेहऱ्याकडे पडद्यावर बघत राहतो.

पुढच्या एपिसोडला हॅरी पुन्हा तसाच. हसरा, आज्ञाधारक, जणू काहीच घडलं नाही.

माझं सगळं दुखणं इथेच आहे. लेखन सरसकट वाईट असतं तर मी ही मालिका कधीच सोडून दिली असती. हे लेखक इतकं खोल जाऊ शकतात हे त्यांनीच दाखवलंय, म्हणून त्यांनी पाटी पुसली की जिव्हारी लागतं.

रविवार, दुपार

सकाळपासून हॅरीच डोक्यात आहे. १९९५ ते २००१, सात सीझन, आणि पहिल्या दिवशी एन्साइन, म्हणजे सगळ्यात खालच्या हुद्द्याचा अधिकारी, असलेला हा मुलगा शेवटच्या दिवशीही एन्साइनच. त्याच्या सहकाऱ्यांपैकी टुवॉकला बढती मिळाली. टॉम पॅरिसचा हुद्दा काढून घेतला गेला आणि नंतर परतही मिळाला. तो प्रसंग बारकाईने बघण्यासारखा आहे. टॉमच्या खुर्चीवर एक छोटी डबी ठेवलेली असते, आत लेफ्टनंटचं चिन्ह. सगळे आनंदात. आणि हॅरी हळूच म्हणतो की माझ्या खुर्चीवर काही डबी दिसली नाही. म्हणजे लेखकांना ठाऊक होतं! पात्राच्या तोंडी त्यांनी ते वाक्य घातलं, आणि पुढे केलं काहीच नाही. मला त्या वाक्याचं हसू येत नाही, हॅरीसाठी वाईट वाटतं.

आज वही घेऊन बसले आणि हॅरी नेमका कुठे कुठे वाढला ते लिहून काढलं. ‘टाइमलेस’मध्ये वाढला, तो काळच पुसला गेला. अखेरच्या ‘एंडगेम’मध्ये २४०४ साल दाखवलंय. तिथे हॅरी चक्क कॅप्टन आहे, स्वतःच्या जहाजाचा. जहाजाची कॅप्टन जेनवे, आता म्हातारी, मागे जाऊन इतिहास बदलते आणि तोही काळ पुसला जातो. त्याच्याही आधी, दुसऱ्या सीझनमधल्या ‘डेडलॉक’मध्ये जहाजाच्या दोन प्रती होतात. आपला हॅरी अंतराळात फेकला जाऊन मरतो आणि दुसऱ्या जहाजावरचा हॅरी त्याच्या जागी येतो. तिथून पुढे आपण ज्याला हॅरी म्हणतो तो मुळात दुसराच आहे! केवढी भयंकर कल्पना. याच्यावर एक सबंध सीझन उभा राहिला असता. ज्या मित्रांच्यात तो वावरतो त्यांनी त्याचाच मृत्यू पाहिलाय, आणि हा स्वतः आपलं जहाज, आपली माणसं मागे टाकून आलाय. पुढे कोणी त्याबद्दल धड बोलतसुद्धा नाही.

म्हणजे हॅरी मोठा होतो तो फक्त पुसल्या जाणाऱ्या काळात. हे वहीत लिहिल्यावर मी बराच वेळ पेन खाली ठेवून बसले.

कारण समजतं. त्या काळी अशा मालिका पुन्हा पुन्हा, कोणत्याही क्रमाने दाखवल्या जायच्या. मधूनच बघणाऱ्याला मागचं काही माहीत नसलं तरी अडता कामा नये, म्हणून प्रत्येक गोष्ट पंचेचाळीसेक मिनिटांत सुरू होऊन संपायला हवी. पण मग ‘व्हॉयेजर’ची मूळ कल्पना का घेतली? घरापासून ७०,००० प्रकाशवर्षं दूर, परतायला ७५ वर्षं लागणार, जहाजावर काही लोक बंडखोर, मदतीला कोणी नाही. ही कल्पनाच साठत जाण्याची आहे. पहिल्या सीझनमध्ये सांगितलं जातं की जहाजावर ३८ टॉर्पेडो आहेत आणि नवे मिळायची सोय नाही. पुढे त्याहून कितीतरी जास्त उडवले गेले. बंडखोरांचं वैरही थोड्याच दिवसांत विरघळून गेलं.

लेखक रोनाल्ड मूर या मालिकेत थोडाच काळ टिकले. पुढे त्यांनी नव्याने केलेली ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ ही अंतराळमालिका आठवते. तिथे राष्ट्राध्यक्षांकडे एक पांढरा फळा आहे, त्यावर वाचलेल्या माणसांचा आकडा. एका बाळाचा जन्म होतो आणि त्या स्वतः उठून आकड्यात एकाची भर घालतात. बस्स, एवढंच. ‘व्हॉयेजर’ला असा एक फळा हवा होता.

रविवार, रात्र

दुपारी मी रागात लिहिलं, आणि त्यात डॉक्टरवर अन्याय झाला. डॉक्टर आणि सेव्हन ही दोन पात्रं खरोखर वाढली. रॉबर्ट पिकार्डो यांचा तो तिरसट होलोग्राम सुरुवातीला नुसतं एक उपकरण असतो, कोणीही येऊन बंद करावं असा. तिथून तो आपल्या मताचा, आपल्या आवडींचा माणूस होतो. बोर्ग या अर्धयंत्र जमातीतून सुटलेली सेव्हन चौथ्या सीझनमध्ये आली आणि लेखकांना हुरूपच आला. या दोघांना माणूस व्हायचं होतं, म्हणून त्यांचं रोजचं शिकणं लिहावंच लागलं. हॅरी आधीच माणूस होता. त्याच्याकडे काही शिल्लक आहे असं कोणाला वाटलंच नाही.

म्हणून आत्ता डॉक्टरचा ‘लेटंट इमेज’ हा एपिसोड लावला, १९९९चा. दोन रुग्ण, दोघांना सारखीच इजा, वाचवायला वेळ एकाचाच. डॉक्टर हॅरीला वाचवतो आणि एन्साइन जेटल मरते. आपण हॅरीला निवडलं ते तो मित्र होता म्हणून, या विचाराने डॉक्टरचं यंत्रच बिघडतं. जेनवे त्याची आठवण पुसते. पुढे त्याला ते कळतं, आणि मग ती त्याला ते दुःख भोगू देते. त्याच्याशेजारी पुस्तक घेऊन बसून राहते, स्वतःला बरं नसतानाही. शेवटी तोच तिला झोपायला पाठवतो आणि ते पुस्तक उचलतो. जेनवे झालेल्या केट मलग्रू त्या प्रसंगात काहीही ‘करत’ नाहीत, फक्त तिथे असतात. माझ्यासाठी हा सबंध मालिकेतला सर्वात सुंदर प्रसंग आहे.

पण जेटलला आपण त्या आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही तिचं नाव निघत नाही. आणि हॅरीचं काय? तिच्या बदल्यात आपण जगलो, हे ओझं घेऊन तो त्या रात्री झोपला कसा? आठवण पुसली म्हणून जेनवेशी भांडणारी ही गोष्ट, आणि मालिका मात्र दर आठवड्याला तेच करत राहिली.

पहिल्याच भागात जेनवे टुवॉकला एक सांगते. निघण्याआधी हॅरीच्या आईचा निरोप आला होता. हॅरी आपली क्लॅरिनेट घरी विसरला होता, ती पाठवायला वेळ आहे का असं आई विचारत होती. जेनवेला नाही म्हणावं लागलं. सात सीझननंतर जहाज पृथ्वीजवळ येतं आणि तिथेच मालिका संपते. कोणी उतरताना दिसत नाही. ती आई दारात उभी आहे आणि तिच्या हातात क्लॅरिनेट आहे, एवढं एक दृश्य मला अजून हवं आहे.