चाक हाताने फिरवून पाहायचं राहिलं

कोल्हापुरात ज्या गॅरेजमध्ये मी काम शिकलो, तिथे गाडी अ‍ॅव्हरेज देत नाही म्हणून आली की मिस्त्री आधी बॉनेटला हात लावू देत नसत. चारही चाकं उचल, हाताने फिरव, कुठला ब्रेक चिकटलाय का बघ, मग पुढचं बोलू. मेलबर्नच्या पश्चिमेला मेल्टनमध्ये इतकी वर्षं काम करून यंदा मार्चमध्ये मी नेमकं तेच विसरलो. चाकं मी फिरवली होती, पण सगळी नाही.

गाडी २०१८ची सुबारू आउटबॅक, अडीच लिटरचं पेट्रोल इंजिन, चारही चाकांना ताकद. मालक बॅकस मार्शचं सत्तरीच्या पुढचं जोडपं. मनात मी त्यांना आजी-आजोबाच म्हणतो. तोंडाने नावाने हाक मारायची इथली रीत. मागे चौदाशे किलोंचा कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं ओढायचं घर, जोडून दर दीड-दोन महिन्यांनी कुठेतरी निघतात. तक्रार अशी की कॅरव्हॅन ओढताना पूर्वी १०० किलोमीटरला १३.६ लिटर लागायचं, आता १४.९ लागतं. आपल्या भाषेत लिटरला सव्वासात-साडेसातवरून पावणेसातवर.

इथे रोज कुणीतरी अ‍ॅव्हरेजचं रडगाणं घेऊन येतंच. नव्या गाडीच्या काचेवर इंधनाचं लेबल लावायचा कायदा आहे आणि या आउटबॅकच्या लेबलावर ७.३ लिटर होतं. तो आकडा प्रयोगशाळेत रोलरवर गाडी पळवून काढतात, मागे काहीही न जोडता. लोक त्याला वचन समजतात. स्टेशन वॅगनचं तोंड जेमतेम अडीच चौरस मीटरचं, तर मागचा कॅरव्हॅन पाचाहून जास्त चौरस मीटरची भिंत घेऊन वारा अडवतो. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ९० ऐवजी १०० ने गेलात तर विरोध जवळजवळ पावपट चढतो. म्हणून ओढताना १५ लिटर म्हटलं की आम्ही मान डोलावतो आणि 'हळू चालवा' सांगतो. मीही मान डोलावली.

तरी गाडी नीट तपासली, हे मात्र सांगतो. एअर फिल्टर, प्लग, ऑक्सिजन सेन्सरचं रीडिंग, हवेचा दाब, चारही डिस्क ब्रेक. सगळं ठीक. मग ट्रेड, म्हणजे टायरांच्या खाचांची खोली, मोजली. पुढच्या टायरांवर साडेसात मिलिमीटर, मागच्यांवर चार. कुठल्याशा टायरवाल्याने 'दोनच बदला, पुरे' सांगितलं होतं. दोन चाकं ओढणाऱ्या गाडीत ते चालून जातं. या गाडीत चालत नाही. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला प्लेटांचा क्लच असतो, तो पुढची नि मागची चाकं सतत बांधून ठेवतो. टायरांच्या घेरात सहा-साडेसहा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको, असं कंपनीचं सांगणं. इथे साडेतीनचा ट्रेडफरक म्हणजे हिशेबाने बावीस मिलिमीटर. पुढची नि मागची चाकं सरळ रस्त्यावरही वेगवेगळ्या गतीने फिरणार, क्लच घसरत राहणार, तापणार, पेट्रोल खाणार. हे सापडल्यावर मला फार बरं वाटलं. आजोबांना उभं करून मोजपट्टी दाखवली आणि म्हणालो, "हेच कारण." मागचे दोन टायर बदलायला लावले.

टायर बदलायलाच हवे होते, याबद्दल आजही शंका नाही. 'हेच कारण' म्हणायला नको होतं.

तीन आठवड्यांनी फोन. नुसती गाडी ८.४ वरून ८.२ वर आली होती. कॅरव्हॅनसकट १४.७. आजोबांच्या आवाजात राग अजिबात नव्हता. ते म्हणाले, "तुम्ही सांगितलंत ते केलं, पण माझी वही अजून जुळत नाही."

ती वही पहिल्या खेपेलाच काउंटरवर होती. मी शेवटचं पान तेवढं पाहिलं होतं. या वेळी पानांचे फोटो मागवले. गाडी घेतल्यापासून प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल: तारीख, लिटर, किलोमीटर, आणि कॅरव्हॅन असेल त्या ओळीला लहानशी फुली. फुल्यांच्या ओळी खाली वाचत गेलो. १३.५, १३.८, १३.४, १३.७, मग मध्ये एक कोरी ओळ, त्यात 'कॅरव्हॅन सर्व्हिस' लिहिलेलं, आणि पुढच्याच फुलीला १४.८. आकडा हळूहळू वाढला नव्हता, एका दिवसात उडी मारून वर गेला होता. टायर त्याच्याही आधीचे होते.

ते तेव्हा ग्रॅम्पियन्समध्ये हॉल्स गॅपला होते. मी सांगितलं, परत येताना घरी जाऊ नका, कॅरव्हॅन जोडलेलाच थेट इकडे आणा, आणि शेवटी रस्त्यात थांबू नका. ते अरारट, बॅलरॅट करत वेस्टर्न फ्रीवेने आले. मी अंगणात तापमानाची बंदूक घेऊन उभा. पेंटलंड हिल्सचा उतार उतरून आलेल्या कॅरव्हॅनच्या दोन्ही चाकांचे ब्रेक-ड्रम गरम असणारच, त्यामुळे नुसत्या आकड्याला अर्थ नव्हता, डाव्या-उजव्यातला फरक बघायचा होता. उजवा ७१ अंश. डावा १७८.

वास तर बंदूक लावायच्या आधीच आला होता. तो आला तशा आजी म्हणाल्या, "हाच. थांबलो की येतो. मी मागच्या वेळी सांगितलं होतं ना."

खरंच सांगितलं होतं. काउंटरवरच्या पोराने लिहिलं नाही, कारण जॉब कार्ड गाडीचं, आणि वास कॅरव्हॅनचा. आमच्याकडे कार्डावर सव्वा तासाचं काम छापून येतं, त्यात माणसाशी बोलायचा वेळ नसतो. ज्याचा हात चाकाला लागणार, त्याच्यापर्यंत मालकाचं वाक्य पोचतच नाही. ही पद्धत मला कधीच पटली नाही.

डावं चाक जॅकवर घेतलं आणि हाताने फिरवलं. पाव फेऱ्यात थांबलं. कॅरव्हॅनला विजेवर चालणारे ड्रम ब्रेक असतात आणि त्याच ड्रममध्ये हँडब्रेकची केबल. लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणारी ब्रेकची अस्तरं, झिजले की आधी ड्रमच्या मागच्या खाचेतून दात्यांचं चक्र फिरवून लायनर जुळवायचे, केबलला सगळ्यात शेवटी हात लावायचा. सर्व्हिस करणाऱ्याने उलटं केलं होतं: लायनर तसेच ठेवून केबलच ताणली. त्यातून दोन्ही बाजूंना ओढ वाटून देणारी पट्टी गंजून तिरकी अडकलेली, म्हणून सगळा ताण डाव्या चाकावर. हँडब्रेक सोडला तरी डावा लायनर ड्रम सोडत नव्हता.

रात्री घरी हिशेब मांडला. १०० किलोमीटरला एक-सव्वा लिटर जादा, इंजिन त्यातलं साधारण तिसरा हिस्सा कामी लावतं, बाकीचं वाटेत जातं. म्हणजे ९० च्या वेगाला त्या एका ड्रममध्ये अडीच-तीन किलोवॅट उष्णता. आपल्या बाथरूममधला गीझर. तो तासन् तास चालू ठेवून ही माणसं चार महिने हिंडत होती.

ड्रम उघडला तेव्हा आतली कड निळी पडलेली, लायनर काचेसारखे चकचकीत. बेअरिंग काढलं तर ग्रीस काळं आणि पाण्यासारखं पातळ, बोटावरून मनगटाकडे ओघळलं. रोलरांवर तपकिरी डाग. बेअरिंग, सील, दोन्ही बाजूंचे लायनर नवे टाकले, पट्टी मोकळी करून घेतली, चक्र फिरवून लायनर जुळवले आणि मग केबल. चाक हलक्या खरखरीवर चार फेरे फिरलं. आजोबांना बोलावून त्यांच्याच हाताने फिरवायला दिलं.

पुढची सहल ब्रोकन हिलची ठरलेली होती. मिल्डुराच्या पुढे तीनशे किलोमीटर जवळजवळ निर्मनुष्य रस्ता. ते बेअरिंग कुठवर पोचलं असतं, हे मी आजोबांना सांगितलं नाही. आजींनी विचारलं, तेव्हा सांगितलं.

टायरांचे पैसे परत द्यावेत का, हे गॅरेजच्या मालकाशी बोललो. तो म्हणाला टायर लागतच होते, विषय संपला. पहिल्या तपासणीची मजुरी मात्र मी हट्ट धरून वजा करायला लावली. तो अजून थोडा घुश्शात आहे.

परवा ब्रोकन हिलहून वहीच्या पानाचा फोटो आला. फुली, आणि पुढे १३.५.