आबांचं सिकेटर आणि माझा निळा स्प्रूस

पुढच्या दाराशेजारी, गॅरेजची भिंत आणि पायवाट यांच्यामध्ये आमच्याकडे मातीची एक चिंचोळी पट्टी आहे. तिथे मला निळाच स्प्रूस, म्हणजे सुईसारख्या पानांचं निळसर झाड, हवा होता. डेन्व्हरमध्ये राहून हा हट्ट करणं फारसं नवलाचं नाही. 1862 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ चार्ल्स पॅरी यांना हे झाड इथून जवळच, पाइक्स पीक या डोंगरावर सापडलं, आणि 1939 पासून तो कोलोरॅडोचा राज्यवृक्ष आहे. पण समोरच्या घरी कोणीतरी हौसेने लावलेला स्प्रूस आज छपराच्या वर गेलाय आणि त्याच्या खालच्या फांद्यांनी अर्धा ड्राइव्हवे खाल्लाय. आमच्या पट्टीत तसलं झाड लावायचं म्हणजे दार मागच्या बाजूला काढावं लागलं असतं.

म्हणून ग्लोबोसा. ही नेदरलंड्समधल्या बॉस्कूपच्या रोपवाटिकांतून आलेली ठेंगणी जात. जात्याच गोलसर, वर्षाला फार तर 5 ते 10 सेंटिमीटर वाढणारी. नर्सरीवाले तिची काडी दुसऱ्या स्प्रूसच्या सरळ खोडाच्या शेंड्याला कलम करतात. मग दिसतं ते असं: छातीएवढं उघडं खोड आणि वर निळा, काटेरी चेंडू.

आबा उन्हाळ्यात आले तेव्हा घर बघायच्या आधी झाडापाशी वाकले. निफाडला आमची द्राक्षबाग आहे. त्यांनी चेंडूकडे पाहिलंच नाही, सरळ कलमाच्या सांध्यावर बोट ठेवून विचारलं, "खुंट कोणता हाये?" खुंट म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते खालचं झाड. आमची बाग डॉगरिज खुंटावर आहे, आणि तो खुंट मूळचा टेक्सासचा, त्यामुळे अमेरिकेतल्या खुंटांबद्दल आबांना आपलेपणा वाटतो. नर्सरीच्या चिठ्ठीवर फक्त वरच्या जातीचं नाव असतं. खाली बहुतेक वेळा नॉर्वे स्प्रूस असतो, एवढं मी सांगितलं. सांध्याच्या खाली एक हिरवा कोंब डोकावत होता. तो त्यांनी अंगठ्याने मोडून टाकला. बरोबरच केलं. खुंटाचा फुटवा वरच्या ठेंगण्या डोक्यापेक्षा कितीतरी जोमाने वाढतो, एक-दोन वर्षं तसाच ठेवला तर चेंडू बाजूला पडून खालचंच झाड उभं राहतं.

"आणि ह्ये खोड कधी वाढणार?"

वाढणार नाही, आबा. जाड होईल, पण सांधा आज जिथे आहे तिथेच कायम राहील. म्हणून विकत घेतानाच खोडाची उंची मनाजोगती आहे ना, ते बघायचं. हे त्यांना पटलं. पुढचं मात्र पटलं नाही.

मी जूनच्या सुरुवातीला छाटणी करते. मे महिन्यात कळ्यांवरच्या तपकिरी कागदी टोप्या गळतात, आतून मऊ, फिकट निळे कोंब येतात. ते बोटभर झाले, पण अजून कडक झाले नाहीत, की प्रत्येकाचा अर्धा भाग सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या हातकात्रीने, कापायचा. एकेक कोंब. कुंपण छाटायची मोठी कात्री अजिबात नाही. तिने सुया अर्ध्यावर तुटतात आणि टोकं तपकिरी पडून चेंडूभर गंज चढल्यासारखं दिसतं. नीट कापलेल्या कोंबावर पुढच्या वर्षासाठी बाजूचे डोळे, म्हणजे कळ्या, धरतात, चेंडू दाट होतो. बस, एवढंच.

आबा खुर्ची टाकून बघत बसले होते. शेवटी राहवलं नाही. "इतकं जपून काय कापते गं? चांगली खाली घे, डोळ्यावर आण. फुटंल की!"

एप्रिलची खरड छाटणी ज्याने जन्मभर केली त्याला दुसरं काय सुचणार? द्राक्षाची काडी एक-दोन डोळ्यांवर आणली की बाग बोडकी दिसते आणि बघता बघता हिरवी होते. वेल कापण्याने खूश होतो. स्प्रूस होत नाही. मी हातमोजे घालून चेंडूच्या फांद्या बाजूला सारल्या आणि त्यांना आत बघायला लावलं. बाहेर वीतभर निळा थर, त्याच्या आत नुसत्या करड्या काड्या. ना सुया, ना डोळे. त्या उघड्या लाकडात कात्री गेली तर तिथून पुन्हा काही येत नाही. पडलेलं भगदाड आजूबाजूच्या फांद्या झाकतील तेव्हा झाकतील. आबांनी आत बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे याला फक्त आवरायचं. घडवायचं न्हाई."

अगदी. स्प्रूसला नागमोडी पीळ, एकावर एक गोळे असले आकार दिलेले दिसतात. ते रोपवाटिकेत झाड कोवळं असल्यापासून वर्षानुवर्षं चाललेलं काम असतं. दारातल्या वाढलेल्या झाडाचा एका रविवारी पीळ करायला निघालेल्या माणसाला माझा एकच सल्ला आहे: पीळवालाच विकत घे. ग्लोबोसा तर कात्री न लावताही गोल राहतो. एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघावी लागते. मधूनच एखादा कोंब सरळ वर उभा जायला लागतो, पुढारी व्हायच्या इराद्याने. तो बुडापासून कापून काढायचा. हे काम मी आबांना दिलं आणि त्यांनी ते कमालीच्या आनंदाने केलं.

आता निळेपणाविषयी. तो रंग म्हणजे सुयांवरचा मेणाचा थर. बोटांनी चोळला तर खालून साधा हिरवा दिसतो. ओळखीच्या एका बाईंच्या झाडावर कोळी, म्हणजे सुयांतला रस शोषणारी बारीक कीड, पडला, माळ्याने बागेत वापरायचं तेल फवारलं, आणि झाड हिरवंगार झालं. कीड गेली, निळाई पण गेली. ती आता नव्या वाढीबरोबरच परतणार. म्हणून मी तेलाच्या वाटेला जात नाही. वसंतात आणि शरदात, हवा थंड असताना, फांदीखाली पांढरा कागद धरून ती झटकते. टिपके चालायला लागले तर कोळी आहे. मग नळीने जोरात पाणी, आतपर्यंत, आणि थोड्या दिवसांनी पुन्हा. आतल्या जुन्या सुया शरदात पिवळ्या होऊन गळतात, त्याला मात्र घाबरायचं नाही, ते झाडाचं नेहमीचं आहे. त्या सुया आतच अडकून राहतात, तेवढ्या हाताने काढून टाकल्या की हवा खेळते.

हे सगळं खरं, पण माझ्या मते इथले लहान स्प्रूस कात्रीने किंवा किडीने जात नाहीत तितके हिवाळ्यातल्या तहानेने जातात. बर्फाच्या गावात पाणी कसलं घालायचं, असं नव्याने आलेल्या प्रत्येकाला वाटतं. डेन्व्हरला पाऊस-बर्फ मिळून वर्षाला 14-15 इंच पाणी पडतं, संपलं. जानेवारीत ऊन कडक, वारा कोरडा, सुया बारा महिने पाणी सोडत राहतात आणि खाली माती ठणठणीत. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीची कृषी विस्तार सेवा सांगते ते मी पाळते: ऑक्टोबर ते मार्च, बर्फाची चादर नसेल आणि तापमान 4 अंश सेल्सिअसच्या वर असेल त्या दिवशी, दुपारी, महिन्यातून एक-दोनदा. खोडाच्या दर इंच जाडीमागे 10 गॅलन, म्हणजे जवळपास 38 लिटर. नळी हिवाळ्यात काढून ठेवावी लागते, नाहीतर भिंतीतला पाइप फुटतो, म्हणून बादल्या. जाकीट-टोपी घालून झाडाला बादलीने पाणी घालणाऱ्या बाईकडे शेजारी बघतात, बघू देत.

मार्च-एप्रिलचा ओला बर्फ ही वेगळी काळजी. 2021 च्या मार्चमधल्या वादळात डेन्व्हरला 27.1 इंच पडला होता. सगळा भार डोक्यावर आणि डोकं एका सांध्यावर. बर्फ पडत असतानाच केरसुणीने खालून वर हलकेच झटकायचा. गोठून फांद्यांना चिकटला असेल तर हात लावायचा नाही, फांदी तुटते.

पुण्याहून मावसबहीण विचारतेय, तिकडे येईल का. नाही येणार. याला खरी थंडी लागते, आणि तिकडे डिसेंबरात ख्रिसमस ट्री म्हणून कुंड्यांत विकतात तो अरॉकेरिया, त्याची शेंडी कापून गोल करायला जाऊ नये. दांड्यावरचा गोल हवाच असेल तर कामिनी लाव. निळी नसेल, पण तिला वास आहे, ती जुन्या लाकडातूनही फुटते, आणि आबा डिसेंबरात पुण्याला येतील तेव्हा त्यांना मनसोक्त कापू दे.