छायाघड्याळाची तबकडी खऱ्या मापात छापताना: तिसऱ्या टप्प्याची नोंद

पुण्याच्या अक्षांशासाठी (१८.५२ अंश उत्तर) आडव्या छायाघड्याळाची तबकडी ग्नूप्लॉट या आलेख काढणाऱ्या संगणक प्रणालीत आखण्याचे काम मागच्या महिन्यात पूर्ण झाले होते. या टप्प्यात ती कागदावर उतरवायची होती आणि गणितापेक्षा जास्त वेळ या छपाईनेच घेतला.

माझ्या घड्याळाचा शंकू, म्हणजे सावली पाडणारा उभा भाग, हा पितळी पत्र्याचा काटकोन त्रिकोण आहे. त्याची तिरकी कड ध्रुवाकडे रोखलेली असून तिच्यावर ४० मिलिमीटर उंचीवर एक खाच आहे. कडेची सावली वेळ दाखवते आणि खाचेची सावली तारखेच्या रेषेवर पडते. त्रिकोणाचे टोक, म्हणजे जिथे सगळ्या तासरेषा एकत्र येतात तो बिंदू, खाचेच्या पायथ्यापासून ११९.४ मिलिमीटर दक्षिणेला येतो. २२ डिसेंबरच्या मध्यान्ही खाचेची सावली पायथ्याच्या उत्तरेला ३६ मिलिमीटरवर पडायला हवी, तर २१ जूनला सूर्य डोक्यावरून उत्तरेला सरकलेला असल्यामुळे ती उलट दक्षिणेला ३.४ मिलिमीटरवर जाते.

पहिली प्रत झेरॉक्सच्या दुकानातून काढून आणली. तासरेषांचे कोन कोनमापकाने तपासले, तेव्हा ते अगदी बरोबर निघाले: मध्यान्हरेषेपासून एका तासाची रेषा ४.९ अंशांवर आणि तीन तासांची १७.६ अंशांवर. म्हणून मी निर्धास्त होतो. पण कोपऱ्यात आखून ठेवलेली १०० मिलिमीटरची चाचणी रेषा पट्टीवर ९४ भरली. ९४ हा आकडाच कारण सांगतो: एफोर कागद २९७ मिलिमीटर लांब असतो आणि अमेरिकी लेटर कागद २७९.४, म्हणजे त्या संगणकावर कागदाचा आकार लेटर ठेवलेला होता आणि पान त्यात बसवण्यासाठी आकसले होते.

चित्र सर्व दिशांनी सारखेच आकसले तर कोन बदलत नाहीत, त्यामुळे तासरेषा शाबूत राहतात. पण पितळी त्रिकोण काही आकसत नाही. डिसेंबरची रेषा तासरेषांच्या संगमबिंदूपासून १५५.४ ऐवजी १४६.२ मिलिमीटरवर आली होती, म्हणजे ती चक्क ९ मिलिमीटर अलीकडे सरकली होती. त्या तबकडीवर खाचेची सावली ‘२२ डिसेंबर’च्या रेषेला ४ नोव्हेंबरच्या सुमारासच टेकली असती. वेळ बरोबर आणि तारीख दीड महिन्याने चुकीची, अशी चूक नुसत्या नजरेने कधीच सापडत नाही. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की प्रत्येक पानावर चाचणी रेषा आखावीच, आणि तीही आडवी व उभी अशी दोन्ही.

त्यानंतर मी सगळी मांडणी नव्याने केली. निर्गत (आउटपुट) ‘पीडीएफकैरो’ या पीडीएफ बनवणाऱ्या प्रकारात ठेवून पानाचा आकार २१ सेंटिमीटर बाय २९.७ सेंटिमीटर असा स्पष्ट लिहिला, कारण तो न लिहिल्यास ग्नूप्लॉट ५ इंच बाय ३ इंच धरतो. ग्नूप्लॉटमध्ये आकाराचे गुणोत्तर (‘साइज रेशो’) उणे एक ठेवले की दोन्ही अक्षांवरील एकक समान होते, पण ते एक मिलिमीटर होईलच असे नाही. त्यासाठी चारही समास पानाच्या अपूर्णांकात बांधून घेतले: डावा १५ भागिले २१०, उजवा १९५ भागिले २१०, आणि आडव्या अक्षाची व्याप्ती उणे ९० ते ९०. इथे एक खाचखळगा आहे. ग्नूप्लॉट पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकातच करतो, त्यामुळे १५ भागिले २१० म्हणजे शून्य आणि १९५ भागिले २१० म्हणजेही शून्य! १५.० असे दशांशचिन्ह घालूनच लिहावे लागते. शेवटी निर्गत बंद करण्याची आज्ञा दिली नाही, तर पीडीएफ अर्धवट राहते आणि उघडत नाही. महिन्यांची नावे देवनागरीत हवी होती. पोस्टस्क्रिप्ट या जुन्या छपाई-स्वरूपातल्या निर्गतात ती जमली नव्हती, इथे मात्र देवनागरी टंकाचे नाव देताच ‘ऑक्टोबर’मधले जोडाक्षरही नीट उमटले.

दुसरी प्रत छापताना छपाईच्या चौकटीत कागद एफोर निवडला आणि ‘फिट टू पेज’ काढून ‘ॲक्च्युअल साइज’ ठेवले. लिनक्सवरून छापणाऱ्यांनी ‘प्रिंट-स्केलिंग’ला ‘नन’ ही किंमत द्यावी. आता १८० मिलिमीटरची आडवी रेषा बरोबर १८०.० भरली, पण उभी १७९.४ भरली, कारण लेझर प्रिंटरमध्ये कागद ज्या दिशेने सरकतो त्या दिशेने थोडा फरक पडतोच. सर्व उभ्या निर्देशकांना १.००३३ ने गुणून तिसरी प्रत काढली आणि तिच्यावर दोन्ही रेषा पट्टीशी जुळल्या.

ही प्रत साध्या ७५ जीएसएम कागदावर आहे. अंतिम तबकडी जाड कागदावर काढायची असून तो प्रिंटरच्या गरम रुळांमधून जाताना वेगळा वागू शकतो, म्हणून १.००३३ हा गुणक तिथे तसाच न वापरता आधी नुसत्या दोन चाचणी रेषा त्याच कागदावर छापून मोजणार आहे.