पद्मिनीचा रेडिएटर: तुम्ही विचारलंत म्हणून

सोलापुरात सात रस्त्याच्या सिग्नलला माझी १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी उभी राहिली की शेजारचा दुचाकीवाला हटकून विचारतो, "काका, उन्हाळ्यात तापत नाही का?" ज्यांच्या दारात स्वतःची जुनी गाडी आहे, त्यांचा प्रश्न अधिक नेमका असतो: इंजिनातले पाणी गार करणारा मूळचा तांब्या-पितळेचा रेडिएटर काढून त्या जागी अॅल्युमिनियमचा मोठा रेडिएटर बसवावा का? मी माझ्या गाडीच्या रेडिएटरची जाळी, म्हणजे त्याचा नळ्या-पात्यांचा गाभा, बदलली आहे, तीही दोनदा, आणि त्यांपैकी पहिल्या वेळचे पैसे सर्वस्वी माझ्या घाईमुळे वाया गेले. म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

आधी आपल्या गावाच्या उन्हाचा हिशेब मांडू. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकेल हे आतले पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानांतील फरकावर ठरते. पाणी ९० अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असेल तर हा फरक ६५ अंशांचा असतो. मे महिन्यातल्या सोलापुरी दुपारी हवाच ४३ अंशांवर गेली की तो ४७ वर येतो. म्हणजे रेडिएटर तोच, पाणी तेवढेच, पंखाही तोच, आणि तरीही त्याची पाव हिश्श्याहून अधिक ताकद केवळ ऋतूमुळे नाहीशी होते. गंमत अशी की ज्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, त्यांचा जन्म सोलापूरचाच. गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झाली असली तरी मी तिला माहेरवाशीणच समजतो, आणि माहेरच्या उन्हाची तक्रार करायची नसते, असे तिला ऐकवतोही.

पण ऊन हे निमित्त असते. मूळ कारण बहुतेक वेळा आत दडलेले असते. आमचा टॉवेलचा लहानसा कारखाना आहे आणि रंगणीसाठी बॉयलर आहे. बोअरच्या जड पाण्याने बॉयलरच्या नळ्यांवर क्षारांचा पातळ थर चढला तरी जळण वाढते, हे मला गाडी घेण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. तरीही गाडी तापू लागल्यावर मला जाळीच दिसली, ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य ठोकळा, दिसला नाही. रेडिएटरचे काम करणाऱ्या जुन्या कारागिराने मला सांगितले होते, "मालक, जाळी काढायच्या आधी ब्लॉकचा नळ उघडून बघा." मी ते मनावर घेतले नाही. पुढे केव्हातरी तो नळ उघडला, तर पाण्याचा थेंबही आला नाही. तार घालून ढोसल्यावर गेरूच्या रंगाचा गाळ बाहेर पडू लागला. बिडाच्या ब्लॉकमध्ये वर्षानुवर्षे साचलेला हा गंज सर्वांत मागच्या सिलिंडरभोवती घट्ट बसतो, आणि समोर कितीही मोठा रेडिएटर लावला तरी तिथपर्यंत पाणी नीट खेळत नाही. शिवाय याच इंजिनाचे हेड, म्हणजे ब्लॉकवर बसणारा वरचा भाग, अॅल्युमिनियमचे असल्यामुळे गाडी दोन-चार वेळा जरी सपाटून तापली तरी ते वाकते, आणि मग हेड गॅस्केटचा खर्च मागे लागतो.

आता माझ्या घाईची गोष्ट. गाडी घेतली तेव्हा रेडिएटरला नळ्यांच्या दोन ओळींची जाळी होती. मी विचार केला की दोनाच्या जागी चार ओळी केल्या म्हणजे गारवा दुप्पट होईल, आणि जुन्या टाक्या कायम ठेवून चार ओळींची जाळी बसवून घेतली. पुणे रस्त्याला गाडी लागली की तापमानाचा काटा शहाण्यासारखा मधल्या खुणेवर थांबे, परंतु गावात शिरल्यावर पूर्वीपेक्षाही लवकर वर चढे. कारण साधे होते. जाळी जितकी जाड, तितका हवेला अडसर जास्त; शिवाय पहिल्या दोन ओळींतून गेलेली हवा मागच्या ओळींपर्यंत पोहोचेस्तोवर आधीच तापलेली असते. वेगात असताना समोरून येणारा वारा हा अडसर ओलांडतो, पण सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीत सारी भिस्त बेल्टवर सावकाश फिरणाऱ्या पंख्यावर असते, आणि त्या बिचाऱ्याला एवढ्या दाट जाळीतून हवा ओढता येत नाही. तेव्हापासून कोणी विचारले की मी उलट विचारतो, गाडी उभी असताना तापते की पळताना? उभी असताना तापत असेल तर हवेचा दोष शोधावा, पळताना तापत असेल तर पाण्याचा.

दुसऱ्या वेळी तीन ओळींची, थोडी विरळ पात्यांची जाळी घेतली, ब्लॉक दोन्ही बाजूंनी पाणी मारून स्वच्छ केला आणि पंख्याभोवती पत्र्याचे कडे करून घेतले. या कड्याला मेकॅनिक श्राउड म्हणतात. ते नसले तर पंखा जाळीच्या फक्त मधल्या गोलातून हवा ओढतो आणि चारही कोपरे नुसते बसून राहतात. पात्यांची साधारण निम्मी रुंदी कड्याच्या आत असावी. माझ्या मते सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त फरक या पत्र्यानेच पडला. इलेक्ट्रिक पंख्याचा सल्ला पुष्कळ जण देतात, पण माझ्या गाडीला अजून वीज तयार करणारा जुना डायनॅमो आहे. तो आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीचे इंजिन मंद चालत असताना, जेमतेम चार्जिंग देतो, आणि पंख्याची गरज नेमकी तेव्हाच असते.

अॅल्युमिनियमविषयी माझा आकस नाही. तांबे त्याच्यापेक्षा दीडपटीहून अधिक उष्णता वाहते हे खरे, पण तांब्या-पितळेच्या रेडिएटरमध्ये नळी आणि पाती यांच्यामध्ये डाख असतो आणि तो त्या मानाने मंद वाहक आहे. अॅल्युमिनियमच्या नळ्या अधिक रुंद करता येतात, वजनही पुष्कळ कमी भरते, त्यामुळे चांगल्या बनावटीचा अॅल्युमिनियम रेडिएटर कामात सहज सरस ठरू शकतो. तरीही मी तो घेतला नाही, कारण तांब्याची गळती इथला कारागीर तासाभरात झाळून देतो, आणि बॉनेट उघडल्यावर मूळची पितळी टाकी दिसावी, हा माझा हट्ट आहे. गाडीत एसी बसवायचा असेल किंवा इंजिन मोठे केले असेल, तर माझा हट्ट तुम्ही धरू नये.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवणारी झडप, काढून टाका, असेही सांगणारे भेटतील. मे महिन्यात तो तसाही उघडाच असतो, त्यामुळे काढून फारसे काही मिळत नाही. उलट गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांतल्या थंड सकाळी इंजिन गरम व्हायला वेळ लागतो आणि ऑइल खराब होते. रेडिएटरच्या झाकणाच्या बाबतीत मात्र जपावे. सात पौंड दाबाच्या झाकणाने पाण्याचा उत्कलनबिंदू दहा-अकरा अंशांनी वर जातो, एवढे पुरेसे आहे. नव्या गाडीचे पंधरा पौंडांचे झाकण जुन्या झाळलेल्या टाकीवर लावले तर शिवण उसवते.

राहिला प्रश्न पाण्याचा. आमच्या रंगणीत सॉफ्टनरचे, म्हणजे जड पाणी मऊ करणाऱ्या यंत्राचे, पाणी फुकट मिळते आणि तेच भरण्याचा मोह मला झाला होता. परंतु सॉफ्टनर कॅल्शियमच्या जागी सोडियम देतो, क्षार काढून टाकत नाही. खवले धरत नाहीत, पण अॅल्युमिनियमच्या हेडला झिजवणारे क्लोराइड तसेच राहते. म्हणून बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात तीस टक्क्यांच्या आसपास कूलंट, एवढेच मी वापरतो. सोलापुरात पाणी गोठण्याची भीती नाही आणि कूलंटमधले ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही, तेव्हा निम्मेनिम्मे मिश्रण कशाला करायचे? कूलंट हवा तो गंज रोखण्यासाठी, आणि त्याचा तो गुण दोन वर्षांत ओसरतो, म्हणून मी ते दर दुसऱ्या वर्षी पाडव्याच्या आधी बदलतो. बदलताना ब्लॉकचा नळ उघडतो आणि खाली पांढरी ताटली धरतो. या वर्षी तिच्यात हिरवे पाणी आले, तळाशी गेरू नव्हता.