मामांचा आवाज उजव्या कोपऱ्यातून येत होता

पंचवटीतल्या आमच्या मामांच्या भजनी मंडळाची काकड आरती गेल्या कार्तिकात सहा माइक लावून रेकॉर्ड करून घेतली. पुढे डावीकडे पखवाज, मध्ये मामा, उजवीकडे पेटी. मागे डावीकडे गोदावरीचं पाणी, उजवीकडे देवळातल्या घंटा. आणि सहाव्या ट्रॅकवर पखवाजाच्या धुमेचा खर्ज. स्टुडिओतून १ ते ६ आकडे घातलेल्या सहा वेव्ह (न दाबलेल्या आवाजाच्या) फाइली आल्या. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, म्हणजे सहा चॅनेल मिळून सेकंदाला जवळपास ६.९ मेगाबिट. चाळीस मिनिटांचे दोन जीबी पुण्याच्या मावसबहिणीला मोबाइलवर कसे ऐकवणार? म्हणून सहाही एकत्र करून एफएफएमपेग या रूपांतराच्या सॉफ्टवेअरने एएसी, म्हणजे दाबलेली लहान फाइल, केली आणि घरच्या जेलीफिन या मीडिया सर्व्हरवर चढवली.

मामांच्या आवाजाला गल्लीत नारोशंकराची घंटा म्हणतात. तोच आवाज माझ्या होम थिएटरच्या उजव्या स्पीकरमधून येत होता आणि मधोमध पेटी वाजत होती. बहिणीचा फोन आला, "दादा, मामा एकाच कानात गातायत. आणि नदी कुठंय?"

दोन संध्याकाळी मी वाया घालवल्या. केबल बदलली, बिटरेट सेकंदाला २५६ किलोबिटवरून ३८४ केला, ॲपही बदललं. फरक शून्य. शेवटी एकत्र केलेली फाइल ऑडॅसिटीत, म्हणजे आवाजाच्या लाटा दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडली. सहा पट्ट्या एकाखाली एक. चौथी पट्टी खर्जाची असते, तिथे संथ, जाड लाटा दिसायला हव्यात. तिथे होती पाण्याची बारीक, दाट कुसळं, न थांबणारी. आणि जाड लाटा सहाव्या पट्टीत, पखवाजाच्या प्रत्येक धुमेला एक.

तेव्हा उलगडलं. स्टुडिओने सिनेमाचा क्रम धरला होता: डावा, मधला, उजवा, मागचा डावा, मागचा उजवा, खर्ज. वेव्ह फाइलीचा क्रम निराळा: डावा, उजवा, मधला, खर्ज, मागचा डावा, मागचा उजवा. मी आकड्यांप्रमाणे जोडत गेलो, त्यामुळे मामा उजवीकडे सरकले आणि नदी खर्जाच्या स्पीकरमध्ये, सबवूफरमध्ये गेली. मोबाइलवर तर ती ऐकूच येईना, कारण सहाचे दोन चॅनेल करताना एफएफएमपेग खर्जाचा चॅनेल सोडून देतो. फाइली १, ३, २, ६, ४, ५ अशा जोडल्या आणि सगळे आपापल्या जागी बसले. एएसीचा आतला क्रम आणखी वेगळा असतो, पण तो एएसी बनवणारा एन्कोडर स्वतः सांभाळतो. तिथे आपण मुळीच हात घालू नये.

यानंतर मी एक चाचणी फाइल करून ठेवली. प्रत्येक चॅनेलमध्ये माझ्याच आवाजात "पुढचा डावा", "मधला" असं बोललोय. कुठलंही रूपांतर आधी तिच्यावर. खरं तर हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

मामांच्या घरी मात्र मागचे स्पीकर तरीही गप्प. त्यांचा टीव्ही होम थिएटरला ऑप्टिकल केबलने जोडलाय. त्या केबलमधून साधा पीसीएम, म्हणजे न दाबलेला, आवाज दोनच चॅनेलचा जातो. सहा चॅनेल न्यायचे तर डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएससारखं दाबलेलं रूप लागतं. टीव्ही माझं एएसी उलगडून दोनच चॅनेल पुढे देत होता. त्यांच्यासाठी ६४० किलोबिटचं एसी-३, म्हणजेच डॉल्बी डिजिटल, केलं, त्या फॉरमॅटची ती कमाल मर्यादा. टीव्हीने ते जसंच्या तसं पुढे पाठवलं. बहिणीसाठी वेगळं दोन चॅनेलचं एएसी केलं. त्यात मामांचा आवाज ३ डेसिबल कमी करून दोन्ही बाजूंना सारखा दिला आणि एकूण पातळीही थोडी उतरवली, नाहीतर घंटा फाटत होत्या.

रविवारी मामांकडे लावलं. पहिल्या अभंगाआधीच्या शांततेत मामी चहाचा ट्रे घेऊन सोफ्यामागून येत होत्या. डाव्या स्पीकरजवळ थबकल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, पाणी!"