आमची वाटचाल: पांदण, कुसळ आणि उचललेली वाट

नागपूरच्या माणसाला पायी चालणं म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात, पचमढीची नागद्वार यात्रा आणि आषाढीचं धापेवाडा. आम्ही तिसरी गोष्ट, शेतवाटांनी पायी सहल, विकायला काढली तेव्हा सीताबर्डीतल्या एका ट्रॅव्हलवाल्याने तोंडावर विचारलं, "रामटेकला एसटी जाते, रेल्वे जाते. पायी जायचे पैसे कोण देईल?" दिले लोकांनी. देतात अजून.

आमचा मुख्य माल एकच. कन्हान ते नगरधन, तिथून रामटेक, शेवटी मनसर. तीन दिवस, मोजचाकाने 42 किलोमीटर, त्यात डांबर जेमतेम सहा. बाकी सगळी पांदण म्हणजे शेतांमधली जुनी वाट, धुरे म्हणजे बांध, आणि पेंचच्या कालव्याचा काठ. ही वाट टोपोशीट, म्हणजे सर्वेक्षण खात्याचा नकाशा, बघून लागत नाही. 55 ओ/7 ही शीट 1:50,000 ची, म्हणजे दोन सेंटीमीटरला एक किलोमीटर. पांदण दिसलीच, तरी ती वहिवाटीत आहे की नांगराखाली गेली हे त्यात कळत नाही. त्यासाठी भूमी अभिलेखचा गाव नकाशा काढावा लागतो. एकेरी तुटक रेघ म्हणजे पायवाट, सव्वाआठ फूट. दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीवाट, साडेसोळा ते एकवीस फूट. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंचे शेतकरी दरसाल नांगराचा एकेक तास आत सरकतात आणि बंडी जायची वाट दोन माणसांपुरती उरते. वाटेतल्या एकेका गावचा नकाशा घेऊन, चालून, विचारून ही वाट जुळवायला दोन हिवाळे गेले.

ती उचलायला एकाला तीन दिवस लागले. नाव घेत नाही. आमच्याच तुकडीत पैसे भरून एक माणूस आला, मोबाईलवर सगळी वाट नोंदवून घेऊन गेला, आणि दीड महिन्यात निम्म्या दरात, दोन दिवसांत, 60 जणांची सहल त्याच पांदणीने निघाली. आता 60 माणसं एका रांगेत चालवली तरी सव्वाशे मीटर लांब होतात. पुढचा थांबला की मागचे शेतात उतरणार. त्यात जानेवारी, हरभऱ्याला घाटे भरलेले. तुडवला तो तुडवला, वर उपटून खाल्ला. वर त्यांचा गाईड नगरधनला सांगत होता की हा तट वाकाटकांनी बांधला! अहो, वाकाटकांची नंदिवर्धन राजधानी इथली म्हणतात, वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेची मातीची मुद्राही उत्खननात मिळाली, पण तो सगळा ऐवज मातीखालचा. उभा तट भोसलेकाळातला आहे.

पुढच्या शनिवारी आमचे 22 लोक पोचले तर पांदणीवर आडव्या काट्या, बाभळीच्या, कमरेइतक्या. जेवण चार किलोमीटर पुढे तयार. डांबरी रस्त्याने फिरवून नेलं, त्यात सहा जणांच्या टाचा फुटल्या. पुढच्या तिन्ही तुकड्या रद्द, पैसे परत, हंगाम संपला. आमच्या तिघा माणसांपैकी दोघे नोकरी बघून गेले आणि तंबूवाल्याचा हप्ता राहिला. लोक म्हणाले तहसीलला जा. 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमात कलम 5 आहे, अडवलेली वाट मोकळी करून मिळते. पण ते शेतात जाणाऱ्या कास्तकारासाठी आहे, सहलवाल्याने ते घेऊन गावात उभं राहू नये. आम्ही हरभऱ्याचे पैसे भरले. तुडवला दुसऱ्यांनी, भरले आम्ही. याचा राग अजून आहे.

त्या वेळी धंतोलीच्या एक ताई, बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झालेल्या, त्यांना परतावा द्यायला गेलो. त्यांनी पाकीट मोजलं, एक नोट जास्त आहे म्हणून परत दिली आणि बाकीचं पाकीट सरकवलं. "पुढच्या सालचे धरा." तेव्हापासून दर डिसेंबरला पहिली जागा त्यांची.

मग नियम केले. तुकडी 14 ची, पुढे एक आणि मागे एक आमचा माणूस. धुऱ्यावर एकामागे एक. जेवण त्याच गावात, ज्याच्या शेताजवळून जातो त्याच्याच घरचं. काट्या हळूहळू निघाल्या.

गेटरबद्दल, म्हणजे बुटावरून पोटरीपर्यंत बांधायच्या कापडी आवरणाबद्दल, लिहिलंच पाहिजे, कारण लोक हसतात आणि दुसऱ्या दिवशी मागतात. दिवाळीनंतर धुऱ्यावरचं गवत वाळतं आणि कुसळ सुटतं. कुसळाचं पिळलेलं शेपूट ओलावा लागला की पीळ सुटत फिरतं आणि टोक आत शिरतं, म्हणून घामेजलेल्या मोज्यात ते थांबत नाही, कातडीपर्यंत जातं. बाजारातले गेटर वेलक्रोचे. पण वेलक्रोतच कुसळ भरतं आणि तासाभरात ते चिकटेनासं होतं. इतवारीतल्या शिंप्याकडून जाड कॅन्व्हासचे, चौदा इंच उंचीचे, बाजूला टिचबटणं लावून शिवून घेतले. बुटाखालची नायलॉनची पट्टी दोन सहलींत झिजायची, तिथे आता जुन्या ट्यूबची पट्टी आहे. ताईंचे गेटर दोनदा उसवले, तेच वापरतात.

विचारलं नाही तरी सांगतो. बूट अर्धा नंबर मोठा घ्या, दुपारनंतर पाय सुजतो. नखं आदल्या रात्री नको, चार दिवस आधी कापा. निव्वळ सुती मोजे घरी ठेवा, ओले झाले की वाळत नाहीत आणि घासतात. टाच चुरचुरली की तिथेच थांबून चिकटपट्टी लावा, फोड आल्यावर लावून काय उपयोग? ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच, अर्ध्या बाटलीत अर्धं पाकीट हा अंदाजाचा खेळ नको. आणि पाऊस नाही म्हणून वाट कोरडी असेल असं धरू नका. रब्बीचं कालव्याचं आवर्तन सुटलं की जानेवारीतही काळी माती बुटाला शेरभर चिकटते, काठीने खरवडत चालावं लागतं आणि ताशी चारचा वेग दोनवर येतो. आम्ही निघायच्या आदल्या दिवशी गावात फोन करून पाणी सुटलं का विचारतो. उचललेल्या वाटेसोबत ही माहिती येत नाही.

सेवाग्रामची वाट गेली दोन वर्षं जुळवतोय, पवनारला धाम नदीच्या काठाने नेऊन. विकायला काढलेली नाही. दोन ठिकाणी नकाशातली दुहेरी रेघ सरळ तुरीत शिरते. तूर निघाली की फेब्रुवारीत मोजचाक घेऊन पुन्हा जाऊ.